कीझर बांधणी : चेस्ट फ्रीझर, लाकडी कॉलर आणि चार नळ

माल्टमित्र (डेन्व्हर)

घरी केलेली बिअर बाटल्यांऐवजी केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपात, ठेवून नळाने ओतायचं ठरवलं की पहिला प्रश्न फ्रिजचा येतो. उभ्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून नळ बसवणं सर्वात सोपं, कारण दारात फ्रिज थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या नसतात. पण त्यात दोन केग जेमतेम मावतात. तीन-चार प्रकारची बिअर एकाच वेळी नळावर हवी असेल तर आडवा चेस्ट फ्रीझर घ्यावा आणि झाकण व पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट (कॉलर) बसवून नळ तिच्यात लावावेत. हाच कीझर. या धाग्यात त्याच्याबद्दलच बोलू; सुतारकामाचं ‘रंधा’ लिहितील, गॅसचं ‘वायसर’.

एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. चेस्ट फ्रीझरच्या भिंतीला ड्रिल लावू नका. थंड करणाऱ्या नळ्या आतल्या पत्र्यामागे असतात, उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या पत्र्यामागे, आणि त्या नेमक्या कुठून गेल्यात ते वरून दिसत नाही. नवीन फ्रीझरमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. नळी फुटली तर फ्रीझर कायमचा गेला, शिवाय आगीचा धोका. लाकडी कॉलर लावायची ती यासाठीच. सगळी भोकं लाकडात पडतात.

फ्रीझर घेण्याआधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. कॉर्नी हा घरी वापरायचा उंच केग; नळ्या जोडायच्या पद्धतीवरून त्याचे बॉल-लॉक आणि पिन-लॉक असे दोन प्रकार. बॉल-लॉक केग ५ गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो. व्यास साधारण साडेआठ इंच, उंची २५ इंच. पिन-लॉक थोडा बुटका आणि जाडा, ९ इंच व्यासाचा. चकती मात्र साडेनऊ इंचांची कापा, कारण नळ्या आणि बोटं जायला जागा लागते. त्या चकत्या दुकानात फ्रीझरच्या तळाशी मांडून बघा. ५ घनफुटात दोन केग बसतात. ७ घनफुटात तीन नक्की, काही मॉडेलांत चार. कॉम्प्रेसरवरच्या उंचवट्यावर ५ पौंडांचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उभा राहतो (बिअरमध्ये मुरणारा आणि तिला नळापर्यंत ढकलणारा गॅस हाच). उंची मोजताना केगवर चढणाऱ्या कनेक्टरचे अडीच-तीन इंच धरायला विसरू नका.

फ्रीझर एरवी बिअर गोठवून टाकेल, म्हणून तापमानासाठी बाहेरचा कंट्रोलर लागतो. इंकबर्ड आयटीसी-३०८ चालतो. त्याची ११० व्होल्टची आवृत्ती ११०० वॅटपर्यंत भार घेते. फ्रीझरचं स्वतःचं बटण सर्वात थंडवर ठेवा आणि प्लग कंट्रोलरमध्ये लावा. मी हे आकडे धरतो : लक्ष्य ३.५ अंश सेल्सिअस, फरक १ अंश (लक्ष्याच्या इतकं वर गेलं की कॉम्प्रेसर सुरू), कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची वाट ५ मिनिटं. ही वाट शून्यावर ठेवली तर कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो आणि लवकर मरतो.

रंधा

कॉलरच्या सुतारकामाबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची गळती तिथेच होते.

२ बाय ८ ची फळी घ्या. बाजारात नाव २ बाय ८ असलं तरी प्रत्यक्षात ती दीड इंच जाड आणि सव्वासात इंच रुंद भरते. २ बाय ६ सुद्धा चालते (साडेपाच इंच रुंद), पण मग केगवरच्या कनेक्टरला आणि नळामागच्या नटला दाटी होते. फळी निवडताना एका डोळ्याने तिच्या कडेवरून बघा. वाकलेली, पीळ पडलेली असेल तर ठेवून द्या. पिळाची फळी पेटीवर कधीच सपाट बसत नाही आणि त्या फटीतून वर्षभर दमट हवा आत येत राहते.

मापं पेटीच्या ओठाच्या बाहेरच्या कडेवरून घ्या, झाकणावरून नको. चौकट गोंद आणि स्क्रूने जोडली की दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा आवळून चौकट काटकोनात आणा. चारही कोपऱ्यांत आतून एल-पट्ट्या.

नळांची भोकं चौकट जोडण्याआधीच पाडा. शँकला, म्हणजे नळामागच्या फळीतून आरपार जाणाऱ्या नळकांड्याला, ७/८ इंचाचं भोक घट्ट बसतं, १ इंचाचं जरा सैल. फळीच्या मागे टाकाऊ लाकूड शिकंज्याने आवळा, नाहीतर होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) बाहेर येताना लाकडाचे टवके उडतात. दोन नळांच्या मध्यबिंदूंत ४ इंच अंतर ठेवा. ३ इंचांवर नळ बसतात, पण लाकडी मुठी एकमेकींवर आपटतात. गॅस सिलिंडर बाहेर ठेवणार असाल तर मागच्या फळीत नळीपुरतं एक भोक, आणि कंट्रोलरच्या सेन्सरच्या वायरसाठी आणखी एक.

लाकूड आतून-बाहेरून पॉलियुरेथेनचे तीन हात देऊन बंद करा. आतली बाजू कोणी बघणार नाही म्हणून सोडली तर सहा महिन्यांत बुरशी धरते. आतून १ इंच जाडीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण कडक) चिकटवा. दीड इंच पाइन लाकडाचा उष्णतारोध जवळपास आर-२ आणि १ इंच एक्सपीएसचा आर-५ (आकडा जास्त तितका रोध जास्त). म्हणजे फोमशिवाय कॉलर ही त्या पेटीची सर्वात पातळ भिंत ठरते. लाकूड आणि फोम मिळून अडीच इंच झाले, तेव्हा शँक ४ इंचांहून लांब घ्या. सव्वाचार इंचांच्या आसपासचे सहज मिळतात.

झाकणाची बिजागरी काढताना फार सांभाळा. त्यांच्यात ताणलेली स्प्रिंग असते. झाकण उभं उघडलेलं असतानाच पेटीकडचे स्क्रू काढा, दुसऱ्या माणसाने झाकण धरायला हवं. झाकण बंद स्थितीत स्क्रू काढले तर बिजागरी जोरात उघडते आणि हाताची हाडं मोडू शकते.

वायसर

रंधा, कॉलर पेटीला चिकटवायची की झाकणाला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझं मत झाकणाला. भरलेला केग २३-२४ किलो भरतो. फ्रीझर ३३ इंच उंच, त्यावर सात इंचांची कॉलर, म्हणजे केग ४० इंच वर उचलून मग आत सोडायचा. कॉलर झाकणाबरोबर वर गेली तर सात इंच वाचतात. कमरेच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे.

रंधा

मुद्दा बरोबर, पण त्याची किंमत आहे. झाकणाबरोबर चार नळ, शँक आणि फळ्या वर उचलल्या जातात. मूळ बिजागरीची स्प्रिंग तेवढ्या वजनासाठी बनवलेली नसते, त्यामुळे उघडं झाकण धाडकन खाली येतं. नळ्यांनाही दर वेळी हिसका बसतो. तसं करायचंच असेल तर बाजूला गॅसचे शॉकअप किंवा निदान एक लाकडी टेकू हवा, आणि नळ्या एक फूट जास्त सैल ठेवा. पेटीला लावायची तर सिलिकॉनने चिकटवा, स्क्रू नकोत. सिलिकॉन २४ तास सुकू द्या. पुढे फ्रीझर बदलायचा झाला तर पात्याने कापून कॉलर सुटी होते. केग जड वाटत असेल तर रिकामा केग आत ठेवून त्यात बिअर नळीने सोडा. उचलायचा प्रश्नच उरत नाही.

वायसर

रिकाम्या केगमध्ये नळीने भरायची सूचना मला पटली. त्यात आधी गॅस सोडून हवा हाकलून द्या, नाहीतर बिअरला ऑक्सिजन लागतो आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

आता गॅसचं काम. क्रम असा : सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, मॅनिफोल्ड (गॅस वाटून देणारी फांद्यांची नळी), मग प्रत्येक केगला एक नळी. मॅनिफोल्डच्या प्रत्येक फांदीला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. एका केगचा दाब जास्त असला तर बिअर उलटी गॅसच्या नळीत चढते आणि रेग्युलेटरपर्यंत जाते. अमेरिकेत सिलिंडरचा जोड सीजीए-३२० असतो. तिथे नायलॉनचा वायसर लागतो, दर वेळी भरून आणल्यावर तो बघा. चपटा झाला असेल तर बदला. या जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नाही, तिथे गॅस वायसरने अडतो, आट्यांनी नाही.

सिलिंडर नेहमी उभा. आडवा पडला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि आतला पडदा फाटतो.

बरेच जण घाबरतात ती गोष्ट : सिलिंडर फ्रीझरमध्ये ठेवला की मोठ्या दाबमापकाचा काटा ८५० पीएसआयच्या (दाबाचं माप, चौरस इंचाला पौंड) आसपासून ५५०पर्यंत खाली येतो. ही गळती नव्हे. आत द्रव गॅस आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो. २१ अंशांना ८५०, ३ अंशांना सुमारे ५५०. किती गॅस उरला ते वजनानेच कळतं. सिलिंडरच्या मानेवर टीडब्ल्यू या अक्षरांपुढे रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा.

गळती शोधायची तर बिअर न लावता शोधा. केग रिकामे जोडा, १२ पीएसआयवर आणा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर साबणाचं पाणी. बिअर भरलेली असताना ही चाचणी फसवते, कारण बिअर स्वतःच गॅस शोषते आणि दाब उतरतो. जुन्या केगच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) कमी दाबावर बसत नाही. आधी ३० पीएसआय देऊन ती ‘टक्’ बसवा, मग दाब सोडून १२वर आणा. सगळ्या ओ-रिंगांना खाद्यदर्जाचं सिलिकॉन ग्रीस.

तळघरात किंवा बंद खोलीत कीझर असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पेटीच्या तळाशी साठतो. गळतीचा संशय असेल तर उघडून लगेच डोकं आत घालू नका.

टेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

५ पौंडांचा सिलिंडर किती केग पुरतो? इकडे दर भरणीला पैसे बरेच जातात, म्हणून हिशोब हवा आहे.

वायसर

हिशोब करू. १९ लिटर बिअरमध्ये २.५ व्हॉल्यूम गॅस, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट, म्हणून ४७.५ लिटर, वजनाने सुमारे ९३ ग्रॅम. त्यातला ०.८-०.९ व्हॉल्यूम आंबवतानाच बिअरमध्ये राहिलेला असतो, तो वजा केला की ६० ग्रॅमच्या आसपास. केग रिकामा होतो तेव्हा १९ लिटरची जागा १२ पीएसआयच्या गॅसने भरते, त्याला आणखी ६५-७० ग्रॅम. म्हणजे एका केगला साधारण १३० ग्रॅम. ५ पौंड म्हणजे २२७० ग्रॅम. कागदावर १७ केग येतात. पण केगमधली हवा काढताना, ओ-रिंग बसवताना, नळ्या धुताना गॅस जातो, म्हणून ८ ते १० धरा. त्याहून कमी होत असतील तर बारीक गळती आहे. इंग्लंडमधल्या सिलिंडरचा जोड वेगळा असतो, अमेरिकन रेग्युलेटर मागवू नका.

माल्टमित्र

सर्वात जास्त तक्रारी फेसाच्या येतात, म्हणून नळीची लांबी सविस्तर.

नळी म्हणजे ब्रेक. केगमध्ये १२ पीएसआय, नळाच्या तोंडाशी शून्य. मधला दाब नळीने हळूहळू खाल्ला पाहिजे. एकदम सुटला तर गॅस बिअरमधून उधळतो. ३/१६ इंच आतल्या व्यासाची व्हिनाइल नळी फुटाला ३ पीएसआय खाते असं तक्त्यांत दिलेलं असतं. त्या हिशोबाने ४ फूट पुरायला हवी, आणि तिथेच लोक फसतात. तो आकडा बारमधल्या वेगाचा, मिनिटाला सुमारे १ गॅलनचा. घरी आपण त्याहून हळू ओततो, आणि वेग कमी झाला की नळीचा विरोधही कमी होतो. म्हणून ३/१६ची नळी १० फूट ठेवा. जास्त लांब असली तर पेला भरायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, नुकसान काहीच नाही. कमी असली तर दर पेल्याला अर्धा फेस. इव्हाबॅरियर या नावाची ४ मिलिमीटरची नळी अरुंद असल्याने ५ ते ६ फुटांत काम होतं, आणि तिच्यातून ऑक्सिजन आत शिरत नाही. तिला ८ मिलिमीटरचे पुश-फिट जोड लागतात, जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) नाही.

दाब : २.५ व्हॉल्यूमसाठी २ अंशांना १० पीएसआय, ३.३ अंशांना ११-१२, ५ अंशांना १३, ७ अंशांना १५. हे समुद्रसपाटीचे आकडे. उंचावर दर २००० फुटांना १ पीएसआय वाढवा. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे, इथे १२च्या जागी साडेचौदा लागतात. इथल्या कित्येकांची बिअर ‘सपाट’ राहते ती याच कारणाने. बिअर गार करून या दाबावर १०-१४ दिवस तशीच ठेवली की गॅस बरोबर मुरतो. घाई असेल तर ३० पीएसआयवर २४ ते ३६ तास, मग दाब सोडून १२वर. केग मांडीवर घेऊन हलवण्याची पद्धत मी सुचवणार नाही. किती मुरला ते कळत नाही आणि जास्त झालेला गॅस काढायला दोन दिवस जातात.

टेम्सकाठ

माझ्याकडे पहिला पेला सगळा फेसाचा येतो, दुसरा-तिसरा छान. नळी १० फूट आहे, दाब १२.

माल्टमित्र

मग नळी आणि दाब दोन्ही बरोबर आहेत, तुमचा दोष वरच्या हवेत आहे. गार हवा तळाशी बसते. केगच्या तळाला ३ अंश असताना कॉलरजवळ ७-८ अंश असतात, आणि नळीतली बिअर व शँक तिथेच. गरम धातूला लागली की बिअर गॅस सोडते. पहिल्या पेल्याने शँक गार होतो, म्हणून दुसरा नीट येतो. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा संगणकातला पंखा तळाशी उभा करून हवा वर शँककडे मारा. तो सतत चालू ठेवा, कॉम्प्रेसरबरोबर नाही. नळीचं वेटोळं केगच्या डोक्यावर आडवं ठेवा, चढ-उतार नकोत.

बाकी खुणा एकदा लिहून ठेवतो, कारण फेस दिसला की सगळे दाब कमी करतात आणि ते चुकीचं आहे. दाब मुरलेल्या गॅसपेक्षा खाली गेला की बिअर नळीतच गॅस सोडते. नळीत हवेसारखे मोकळे कप्पे दिसतात, फेस आणखी वाढतो, आणि आठवड्याभरात बिअर खरोखरच सपाट होते.

प्रत्येक पेल्यात फेस : गॅस जास्त मुरलाय किंवा नळी आखूड. गॅसची नळी काढा, सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसातून चार-पाच वेळा ओढून दाब सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा १२वर जोडा.

केगकडून नळीत बारीक बुडबुड्यांची सतत साखळी : बिअरच्या पोस्टखाली (पोस्ट म्हणजे केगवरचं नळी जोडायचं तोंड), आतल्या उभ्या नळीच्या गळ्याशी असलेली लहान ओ-रिंग गेली आहे. वरचा गॅस तिथून थेट बिअरमध्ये घुसतो. काही सेंटांची रिंग आहे, पण हा दोष शोधण्यात लोक महिना घालवतात.

धार बारीक आणि फेसाळ : पोस्टच्या पॉपेटमध्ये (आतल्या स्प्रिंगच्या झडपेत) हॉप्सचे, म्हणजे बिअरमधल्या कडू फुलांचे, तुकडे. दाब सोडून पोस्ट उघडा आणि धुवा. ड्राय हॉप करायचं, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये हॉप्स टाकायचे, तर बारीक जाळीच्या पिशवीत.

नळ अर्धवट उघडणं : कधीच नाही. एका झटक्यात पूर्ण.

रंधा

सेन्सर कुठे लावायचा ते राहिलं. हवेत लटकवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर धावतो. केगला चिकटवून त्यावर फोम बांधला तर बरोबर, पण एक सापळा आहे. तोच केग संपून त्या जागी २० अंशांचा नवा केग आला आणि सेन्सर त्यालाच लावला, तर तो गार होईपर्यंत फ्रीझर थांबत नाही. तेवढ्यात बाकीचे केग गोठतात. ५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागते. म्हणून सेन्सर नेहमी आधीच गार असलेल्या केगला, किंवा एक लिटर पाण्याच्या बाटलीत. लावण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का ते तपासा.

हिवाळ्यात थंड गॅरेजमध्ये कीझर असेल तर कंट्रोलरच्या हीटिंगच्या बाजूला छोटा हीटर जोडा, नाहीतर बाहेरच्या थंडीनेच केग गोठतील.

कोकमवेडी (पुणे)

इथे घरी बिअर करण्याचा प्रश्नच नाही, परवाना लागतो. पण कोकम सोडा, आल्याचा सोडा आणि साधा सोडा नळावर हवा असेल तर हीच रचना चालेल का?

माल्टमित्र

चालेल ताई, आणि परवान्याचं तुम्ही बरोबर लिहिलंत. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती मोकळीक दिली : घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विक्री नाही. वाचकांनी आपापल्या ठिकाणचा नियम बघूनच पुढे जावं.

सोड्याला गॅस जास्त लागतो, सुमारे ४ व्हॉल्यूम, म्हणजे ३ अंशांना २८ पीएसआय. त्या दाबाला ३/१६ची नळी २० ते २५ फूट लागेल. पाणी आधी गार करा, कोमट पाण्यात गॅस मुरत नाही. कोकमाचं आगळ मलमलीच्या दुहेरी कपड्यातून गाळून घाला, तंतू राहिले तर पॉपेट तुंबतो. मीठ-जिरं केगमध्ये नको, पेल्यात घाला; मीठ स्टीललाही खातं. साध्या सोड्याची नळी वेगळी ठेवा. आल्याचा वास व्हिनाइलमध्ये इतका मुरतो की धुऊनही जात नाही. कंट्रोलर २२० व्होल्टचा घ्या, गॅस खाद्यदर्जाचाच मागा.

वायसर

नळ घेताना पुढून बंद होणारे घ्या, पर्लिक किंवा न्यूकाटॅपसारखे. मागून बंद होणाऱ्या स्वस्त नळात ओतल्यावर बिअर उरते, ती सुकून साखरेने दांडी चिकटते.

धुण्याचं वेळापत्रक : दर केग संपल्यावर, आणि केग रेंगाळला तर दर दोन आठवड्यांनी, क्षारीय क्लीनर नळीत १५ मिनिटं फिरवा. हातमोजे आणि चष्मा घाला. मग पाणी वाहू द्या, धार गुळगुळीत लागेनाशी होईपर्यंत. दर तीन महिन्यांनी आम्लाचा हात, कारण कॅल्शियम ऑक्झॅलेटचा थर क्षाराने निघत नाही. आम्ल आणि क्षार कधीही एकत्र नाही, मध्ये भरपूर पाणी. ब्लीच स्टीलच्या केगला लावू नका, खड्डे पडतात.

टेम्सकाठ

पंखा लावला, पहिला पेला नीट येतो आहे. आता पेटीच्या तळाशी पाणी साठतंय.

रंधा

आधी झाकण आणि कॉलरमधली फट बघा. खोलीत अंधार करा, आत टॉर्च पेटवून ठेवा, उजेड दिसेल तिथे फोमची पट्टी. मग पुन्हा वापरता येणारा सिलिका जेलचा डबा ठेवा. तो रंग बदलला की बाहेर काढून प्लगला लावून सुकवायचा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त मिळतात, पण ते कलंडले तर खारं पाणी पत्रा गंजवतं. तळाशी साठलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या आणि केगखाली प्लॅस्टिकची जाळी टाका, म्हणजे रबरी बूड ओलं राहून बुरशी धरणार नाही.